स्पॅनिशमधलं ‘पगार’ आणि ‘अपगार’: मूळ एकच का?

वाशीकर: स्पॅनिशमध्ये ‘पगार’ म्हणजे पैसे देणे, पण ‘अपगार’ म्हणजे दिवा विझवणे. हे कसं? आणि आपला पगार तिथलाच का?

नौपाडा_वाचक: दोन्ही लॅटिन ‘पाकारे’चीच लेकरं. ‘पाक्स’ म्हणजे शांतता, ‘पाकारे’ म्हणजे शांत करणे. पैसे देऊन घेणेकऱ्याला शांत केलं, म्हणून देणं फेडणे. आग शांत केली, म्हणून विझवणे. आपणही ‘दिवा शांत झाला’ म्हणतोच की! इटालियन ‘पागारे’ आणि फ्रेंच ‘पेये’ पैशाकडेच राहिले. इंग्रजी ‘पे’ फ्रेंचमधून आला. रुमानियन मात्र फार सुंदर: तिथे ‘इंपका’ म्हणजे समेट घडवणे, जुना अर्थ जिवंत. पैसे देण्याला त्यांनी स्लाव्ह शब्द घेतला.

कोपरी१७: मराठी पगार स्पॅनिशमधून नाही, पोर्तुगीजमधून. ठाणे १७३७ पर्यंत पोर्तुगीजांकडे होतं. तिथे ‘पगार’ क्रियापद, आपण त्याचं नाम केलं. त्यामुळे पोर्तुगीज माणसाशी बोलताना वेतनाला ‘पगार’ म्हणू नका, ‘सलारियु’ म्हणा.

नौपाडा_वाचक: लिहिताना चूक होते ती ‘मी पैसे दिले’ या रूपात. स्पॅनिश ‘पागे’मध्ये ‘ग’नंतर मूक ‘यू’ हवाच, नाहीतर ‘ग’चा उच्चार ‘ख’सारखा होतो. इटालियन ‘पागी’, म्हणजे ‘तू देतोस’, यात त्याच कामाला ‘एच’ लागतो. फ्रेंचमध्ये ‘मी देतो’ची ‘आय’ आणि ‘वाय’ अशी दोन्ही स्पेलिंगं चालतात.