लडाख-स्पितीची आखणी : सातारा-सांगलीकरांचा अनुभव धागा

माहुली घाट :
उन्हाळी सुट्टीची चाहूल लागली की आपल्याकडे घरोघरी लेहची तिकिटं शोधणं सुरू होतं. जाऊन आलेल्यांनी या धाग्यावर आपापला अनुभव लिहावा. मात्र प्रवासवर्णन नको आणि सूर्यास्तही नकोत. आकडे द्या, काय बिघडतं आणि का, ते सांगा. सुरुवात मी करते.

महाबळेश्वराहून म्हसवडकडे उतरताना पाऊस कसा आटत जातो, हे सातारकराला सांगायला नको. लडाखचं गणित तेच, फक्त आडवा हिमालय आहे. लेहला वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या दुष्काळी माण तालुक्यातही याच्या चौपट तरी पडतो. म्हणून जुलै-ऑगस्टात लेह कोरडं असतं, पण तिथे आणि स्पितीला पोहोचवणारे हिमाचलातले मनाली आणि किन्नौरकडचे रस्ते ऐन पावसात सापडतात आणि दरडी तिथे कोसळतात. लेहलाही गाफील राहू नका, ६ ऑगस्ट २०१०ची ढगफुटी तिथलीच. उघड्या मातीच्या डोंगरात पाणी मुरत नाही, थेट चिखल होऊन खाली येतं.

शाळा जूनच्या मध्याला उघडतात, त्यामुळे मुलांसह जाणाऱ्यांना मे अखेर ते जूनचा दुसरा आठवडा एवढीच फट मिळते. तेव्हा खिंडींत बर्फाच्या भिंती असतात आणि रस्ता मधेच बंद होऊ शकतो. मुलं नसतील तर सप्टेंबर, तोही गणपती उरकल्यावर. दिवाळीच्या सुट्टीत मात्र जाऊ नका. नळ गोठायला लागतात आणि गेस्ट हाऊसवाले गाशा गुंडाळतात.

आणि ठिकाणांची यादी करण्याआधी रात्रींची यादी करा. कोणती रात्र किती मीटरवर, हे आधी कागदावर उतरवा.

गोळीडबा :
ताई, रात्रींचा मुद्दा पक्का धरा, कारण उंचीवर शरीर झोपेतच फसतं. झोपेत श्वास मंदावतो आणि रक्तातला ऑक्सिजन आणखी उतरतो. सर्वसाधारण नियम असा, की ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. विमानाने जाणारा हा नियम पहिल्याच दिवशी मोडतो. दिल्ली २१६ मीटर, लेह ३५००, मध्ये दीड तासही नाही. लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के असतो. म्हणून पहिले दोन दिवस लेहमध्येच. पहिल्या दिवशी तर बाजारसुद्धा नको. दारू आणि झोपेची गोळी दोन्ही वर्ज्य, दोन्हींनी श्वास आणखी मंदावतो.

नंतर नुब्रा खोरं, कारण तिथली हुंडर-दिस्कित लेहपेक्षा खाली, ३१०० मीटरच्या आसपास आहेत. वाटेत खारदुंग ला (ला म्हणजे खिंड) ५३५९ मीटरवर लागते. तिथे पंधरा-वीस मिनिटं पुरे. फोटोसाठी तासभर रांगेत उभं राहणाऱ्याचंच डोकं ठणकतं. पँगाँग तलाव शेवटी. तो सव्वाचार हजार मीटरच्या आसपास आहे, म्हणजे नुब्राहून थेट गेलं तर मुक्काम एकदम हजार मीटरने चढतो. सोबत कुणी नाजूक असेल तर झोपायला अलीकडचं तांगत्से धरा, ते सुमारे ३९०० मीटरवर आहे. तलाव दिवसा बघून परत फिरा. पॅकेजवाले हे सुचवत नाहीत, त्यांचे तंबू काठावर असतात.

उंचीचा त्रास टाळायला असिटाझोलामाइड, म्हणजे दुकानात जिला डायमॉक्स म्हणतात ती गोळी. मोठ्यांना साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून, आणि वर पोहोचल्यावर दोन दिवस. पण आपल्या डॉक्टरला विचारूनच, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर त्यांना ते आधी सांगून. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा-कोला बेचव लागतो, त्याने घाबरू नका. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं ही पहिली पायरी. अशा वेळी वर चढायचं नाही, त्याच उंचीवर थांबायचं. बसल्या जागी धाप, खोकला, बोलण्यात गोंधळ किंवा सरळ रेषेत चालता न येणं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच खाली उतरा. लेहमध्ये सोनम नुरबू रुग्णालय आहे.

ऑक्सिजनचा हलका डबा म्हणजे मनाची समजूत. दहा लिटरचा डबा मिनिटाला दोन लिटरने सोडला तर पाच मिनिटांत संपतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर लेहला ८५ ते ९२ टक्के दिसणं नेहमीचं आहे. बोट गार असेल किंवा मेंदी-नेलपॉलिश असेल तर आकडा खोटा येतो. हात काखेत दोन मिनिटं गरम करा, मग लावा.

शेरीनाला :
वडीलधाऱ्यांना न्यायचं असेल तर?

गोळीडबा :
वय आडवं येत नाही, आजार येतात. हृदयविकार, दमा, काबूत नसलेला बीपी असेल तर डॉक्टरचा होकार आधी, तिकीट नंतर. आणि दादा, ज्याची व्यायामशाळा चुकत नाही त्याला जास्त जपा. दमसास आहे म्हणून तो पहिल्या दिवशी पळतो आणि रात्री आडवा होतो.

मिरजमार्गे :
जायच्या वाटा सांगतो. गोवा एक्स्प्रेस मिरज, सांगली, साताऱ्यावरून थेट हजरत निजामुद्दीनला जाते. किंवा पुण्याहून विमानाने दिल्ली, तिथून पहाटेचं लेह. लेहची विमानं सकाळीच का, तर दुपारी दरीत वारा सुटतो.

रस्त्याने जाणार असाल तर श्रीनगरकडून आत शिरा आणि मनालीकडून बाहेर पडा. उलटं करू नका. श्रीनगर १६०० मीटरच्या आत, झोजी ला ३५२८, पण मुक्काम कारगिलला २६७६ वर. दुसऱ्या दिवशी फोटु ला ४१०८ ओलांडून लेह. सोनमर्गचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा जानेवारी २०२५मध्ये सुरू झाल्यापासून झोजीच्या अलीकडचा एक अडसर गेला. मनालीकडून चढलात तर मुक्कामाला सरचू येतं, ४२९० मीटर, आणि लोक आजारी पडतात ते तिथेच. मनालीकडूनच चढायचं असेल तर जिस्पाला, ३२०० मीटरवर, दोन रात्री काढा आणि तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघून थेट लेह गाठा. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आत-बाहेर, पण बारा तास धरा.

गर्दी नको असेल तर हिमाचलातलं स्पिती खोरं. शिमला, मग कल्पा २९६० मीटर, मग ताबो ३२८०, मग काझा. ताबोचा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, इसवी सन ९९६चा आहे, तिथे अर्धा दिवस ठेवा. ही चढण इतकी सावकाश आहे की पहिल्यांदा जाणाऱ्याने, माझ्या मते, लेहच्या आधी हीच करावी. बाहेर पडताना कुंझुम खिंडीतून मनाली. ती वाट उघडायला बहुतेक जून लागतो.

टपेट :
गाडी इथून नेणाऱ्यांसाठी. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी घालायची आपल्याकडची सवय तिथे इंजिन फोडते. पाणी गोठलं की फुगतं. कूलंट ५०:५० भरा, ते उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही.

टायरचं प्रकरण नीट समजून घ्या. गेज हा आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवतो. साताऱ्यात बाहेरचा दाब साधारण साडेतेरा पीएसआय, लेहला साडेनऊ. म्हणजे इथे ३२ भरलेलं टायर तिथे हवा न भरता ३६ दाखवतं, आणि खिंडीत त्याहून जास्त. त्याच वेळी थंडीने दर पाच-सहा अंशांना एक पीएसआय उतरतो. लेहला पोहोचल्यावर सकाळी, गाडी गार असताना, कंपनीच्या आकड्यावर आणा. आणि परत सपाटीवर आलात की आठवणीने भरा. नाहीतर तेच ३२ इथे २८ होतं, आणि हायवेवर साइडवॉल तापून टायर जातं.

टर्बो नसलेल्या इंजिनची ताकद पाच हजार मीटरवर निम्म्यावर येते. मग वळणावर लोक हाफ क्लच धरून गाडी रेटतात आणि प्लेट जळते. खंबाटकीत जिथे दुसरा गिअर पडतो, तशा चढावर लडाखात पहिलाच टाका आणि क्लचवरून पाय काढा. जुन्या कार्ब्युरेटरच्या बुलेटला पेट्रोल जास्त आणि हवा कमी मिळते, काळा धूर येतो, प्लग काजळतो. दोन प्लग आणि प्लगपाना खिशात ठेवा.

नाले सकाळी दहाच्या आत ओलांडा. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी गुडघ्याला लागतं. नुब्राहून श्योक नदीच्या कडेने पँगाँगला जाताना हे हमखास भोवतं. मनाली रस्त्यावर तांदीला टाकी काठोकाठ भरा. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, ही तिथली पाटी प्रसिद्ध आहे. शिवाय दहा लिटरचा कॅन.

भडंगवाली :
सगळ्यांनी पोटाचं सोडून लिहिलंय! लेहला पाणी ८८ अंशांनाच उकळतं, पँगाँगला त्याहूनही आधी. उघड्या पातेल्यात भात कणीदार राहतो, डाळ तर शिजतच नाही. गाडीने जात असाल तर लहान कुकर न्या आणि डाळीला दोन-तीन शिट्ट्या जास्त द्या. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, बेदाणे न्या. भूक मरते तेव्हा तिखट-आंबट काहीतरी लागतंच. हॉटेलात मात्र थुक्पा, म्हणजे शेवयांचं गरम सूप, मागा, पाणीही पोटात जातं.

भडंगाची पाकिटं पॅकबंद नेऊ नका. वर जाता जाता ती उशीसारखी फुगतात, बॅगेत दाबली की फुटतात आणि स्वेटरभर लसूण-तिखट. डब्यात भरा, नाहीतर पाकिटाला टाचणीचं भोक पाडून वर रबर लावा. टूथपेस्ट आणि क्रीमचंही तेच. झाकण काढलं की न दाबताच बाहेर येते, म्हणून पहिल्यांदा बेसिनवर उघडा. नाक आतून कोरडं पडून सकाळी रक्ताचे ठिपके दिसतात. झोपताना तुपाचं बोट फिरवा.

माहुली घाट :
राहिलेलं भराभर. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. स्पितीत हा प्रश्न नाही. नुब्रा-पँगाँगचा परवाना ऑनलाइन निघतो. त्याच्या पाच-सहा झेरॉक्स ठेवा, नाक्यांवर एकेक जाते. मनाली-श्रीनगरची भाड्याची टॅक्सी किंवा बाइक लेहच्या पुढे फिरायला चालत नाही, ती लेहमध्येच घ्यावी लागते. पँगाँगला एटीएम नाही आणि रेंज गेली की यूपीआयही गेलं, तेव्हा रोख न्या, सुट्ट्या नोटांत. गावातल्या घरी उतरलात तर संडास कोरडा असतो. पाणी ओतू नका, कोपऱ्यातली माती फावड्याने टाका. त्याचंच पुढे शेताला खत होतं, पाणी पडलं की ते सडतं.

मिरजमार्गे :
एक राहिलं. ढग आले की लेहची विमानं रद्द होतात. दिल्लीहून परतीची रेल्वे त्याच दिवशीची काढू नका, मध्ये एक रात्र सोडा. उन्हाळ्यात वेटिंगचं तिकीट दुसऱ्या दिवशी कन्फर्म होत नाही.