श्रॉपशायर की सॅलप?

प्रश्न : एका जुन्या इंग्रजी पाकिटावर पत्त्याच्या शेवटी 'सॅलप' असे लिहिलेले आढळले, नकाशात मात्र त्या जागी 'श्रॉपशायर' आहे. ही दोन परगण्यांची नावे आहेत काय? आणि मराठीत 'श्रॉपशायर काउंटी' असे लिहावे काय?

उत्तर : परगणा एकच, वेल्सच्या सीमेला लागून असलेला. श्रूजबरी या त्याच्या मुख्य शहरावरून त्याला नाव पडले असून १००६ सालच्या नोंदीत ते 'श्रॉबेसबिरिगशिर' अशा लांबलचक रूपात सापडते. त्यातील 'बिरिग' म्हणजे तटबंदीचे ठिकाण आणि 'शिर' म्हणजे परगणा. 'श्रॉब' म्हणजे झुडूप की कोणा माणसाचे नाव, यावर मात्र अभ्यासकांचे एकमत नाही.

१०६६ नंतर इंग्लंडात फ्रेंच बोलणारे नॉर्मन राज्यकर्ते आले आणि त्यांच्या लेखनिकांची जीभ आरंभीच्या 'श्र'वर अडखळू लागली. ज्याच्या तोंडी 'स्कूल'चे 'इस्कूल' होते, त्याला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. गंमत एवढीच की, 'श्री' लिहून पत्राला आरंभ करणाऱ्या आपल्याला नेमके हेच जोडाक्षर सोपे वाटते. त्या अडखळण्यातून 'सलोप...' अशी रूपे रुळली आणि त्यांचा संक्षेप 'सॅलप' पुढे पत्त्यांत टिकून राहिला. १९७४ साली तर तेच परगण्याचे अधिकृत नाव झाले. परंतु ते अनेकांना रुचले नाही, त्यातच फ्रेंचमध्ये त्याच्याशी जुळणारा शब्द ही एक गलिच्छ शिवी आहे, आणि १९८० साली 'श्रॉपशायर' परत आले. तेथील रहिवाशाला मात्र आजही 'सलोपियन'च म्हणतात.

'शायर'मध्येच परगणा आलेला असल्यामुळे 'श्रॉपशायर काउंटी' हे 'गाईचे गोमूत्र' म्हणण्यासारखे आहे. नुसते 'श्रॉपशायर' पुरे. उच्चारात शेवट 'शर' असा आखूड होतो, पण लेखनात 'शायर' रूढ आहे आणि तो बदलण्याचे कारण मला दिसत नाही. या 'शिर'चा कारभारी तो 'शेरीफ'. मुंबईच्या नगरपालपदाचे इंग्रजी नाव तेथूनच आले आहे.

पुरवणी : पुण्याच्या बेकरीतले 'श्रूसबेरी' बिस्किट याच श्रूजबरीच्या नावाचे आहे. शहराविषयी लिहिताना 'श्रूजबरी' लिहावे. बिस्किट मागताना मात्र पुणेरी उच्चारच करावा, नाहीतर दुकानदार 'काय?' म्हणून पुन्हा विचारील.