राउटरचे पोर्ट संपलेत? साधा स्विच पुरेल

राउटरचे चारही पोर्ट भरलेत, आता टीव्ही आणि प्रिंटर कुठे जोडू, असं तुम्ही विचारलंय. तुम्हाला कुणीतरी त्यासाठी जुना राउटर लावायला सांगितलंय. चालतो तो, पण त्याचं डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करायचं, आयपी (त्याचा नेटवर्कवरचा पत्ता) बदलायचा आणि केबल वॅन (इंटरनेटच्या) पोर्टाऐवजी लॅन (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टात घालायची. एवढी उस्तवार कशाला? साधा ८ पोर्टचा अनमॅनेज्ड गिगाबिट स्विच (पोर्ट वाढवणारा डबा, वेग सेकंदाला १ गिगाबिट म्हणजे १००० मेगाबिट) घ्या, त्यात सेटिंग काहीच नसतं. एक पोर्ट राउटरकडे जातो, ७ उरतात. राउटरवरचे ३ धरून १० उपकरणं आरामात बसतात.

स्विचवरच्या सगळ्यांचं इंटरनेट एकाच केबलमधून जातं खरं, पण घरगुती वापराला १ गिगाबिट पुष्कळ झालं.

केबल मात्र तपासा. माझ्याकडे स्विच गिगाबिटचा असूनही वेग १०० मेगाबिटच्या पुढे सरकेना. दोन दिवस स्विचलाच शिव्या घातल्या! शेवटी पाहिलं तर कनेक्टरमध्ये तपकिरी तार नीट बसलीच नव्हती. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चारच पुरतात.

आणि हो, एकाच केबलची दोन्ही टोकं चुकून त्याच स्विचमध्ये खोचू नका, अख्खं नेटवर्क झोपतं.