अनुभव धागा: जुन्या जॅझचे व्हिडिओ बघताना

रात्री जेवणं आवरली की मी हल्ली यूट्यूबवर जुने ब्लॅक अँड व्हाइट जॅझचे व्हिडिओ लावून बसते, आणि मला वाटायला लागलंय की हे संगीत नुसतं ऐकण्यापेक्षा बघितलं की जास्त कळतं, कारण कोण कोणाकडे बघतंय, कोण थांबून दुसऱ्याला जागा देतंय हे सगळं समोर दिसतं. सुरुवात मीच करते. गायिका बिली हॉलिडेचं गाणं 'फाइन अँड मेलो', ८ डिसेंबर १९५७, अमेरिकेत सीबीएस टीव्हीवरचा 'द साउंड ऑफ जॅझ'. भोवती सगळे दिग्गज वाजवणारे. सॅक्सोफोनवाल्या लेस्टर यंगची तब्येत तेव्हा पार ढासळलेली, तरी तो पुढे येऊन एकच आवर्तन वाजवतो, बारा 'बार'चं (बार म्हणजे इथे चार मात्रांचा एक भाग), अगदी मोजके सूर, आणि कॅमेरा बिलीच्या चेहऱ्यावर जातो. ती ज्या पद्धतीने मान डोलावते ना, तशी दाद मिळायला नशीब लागतं! दोघंही १९५९ साली गेले, तो मार्चमध्ये, ती जुलैत. तुम्ही काय बघता, हे वेड कसं लागलं, सविस्तर लिहा.

*

ह्याच कार्यक्रमातला पियानोवादक थेलोनियस मंक बघितला नसेल तर आधी तो बघा. पियानोला टेकून समोर काउंट बेसी बसलाय, एवढा मोठा पियानोवादक, आणि नुसता ऐकतोय. बास, मला तेवढ्यासाठी तो व्हिडिओ आवडतो.

*

मी तबला शिकतो त्यामुळे माझी वाट पियानोवादक डेव्ह ब्रुबेकच्या बँडच्या 'टेक फाइव्ह'वरून गेली. पाच मात्रा, तीन-दोन अशी विभागणी, हातावर मोजायला लागलो आणि अडकलोच. १९५९ च्या रेकॉर्डमध्ये जो मोरेलोचा ड्रम सोलो चालू असताना खाली पियानो तीच ओळ धरून ठेवतो, म्हणजे आपल्या सोलो तबल्याला लेहरा असतो अगदी तसंच, हे गुरुजींना ऐकवलं तर त्यांनी परत लावायला सांगितलं. नंतर मोरेलोचे टीव्हीवरचे कार्यक्रम शोधून बघितले, त्याची मनगटं बघा, खांदे जराही ताठ नाहीत.

*

बासवादक चार्ल्स मिंगस आणि त्याचा बँड, युरोपच्या दौऱ्यावर, ओस्लो, एप्रिल १९६४. मला हा बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही. बँडमधला एरिक डॉल्फी बास क्लॅरिनेट आणि आल्टो सॅक्सोफोन दोन्ही वाजवतोय, दौरा संपल्यावर तो युरोपातच राहणार होता म्हणून मिंगस अस्वस्थ, आणि जूनच्या शेवटी डॉल्फी बर्लिनमध्ये गेलाच, वय फक्त ३६. हे माहीत असल्यावर त्यांच्यातली प्रत्येक नजरानजर वेगळी वाटते.

*

एक कामाची माहिती. १९४० ते ४६ च्या सुमारास अमेरिकेत बारमध्ये वगैरे पॅनोरम नावाची मशिनं होती, दहा सेंटचं नाणं टाकलं की तीनेक मिनिटांची संगीतफिल्म दिसायची, त्यांना साउंडी म्हणत. मशिनच्या आत आरसे असल्यामुळे फिल्म मुद्दाम उलटी छापायचे. त्यामुळे नेटवर एखाद्या साउंडीत सगळेच डावखुरे दिसले तर कॉपी आरशातली आहे असं समजा. आणि गाणं आधी रेकॉर्ड करून वर नुसता अभिनय केलेला असायचा, तेव्हा बोटं बघून शिकायचं असेल तर साउंडी नको, टीव्हीचे लाइव्ह कार्यक्रम बघा. पियानो वाजवत गाणाऱ्या फॅट्स वॉलरचे डोळे आणि भुवया मात्र साउंडीतच बघाव्यात, धमाल आहे.

*

आपल्याकडचं कुणीच कसं लिहिलं नाही? आमच्या आजोबांना सी. रामचंद्रांचं प्रचंड वेड, त्यांच्यामुळे 'अलबेला' (१९५१) लहानपणापासून बघत आलोय, आणि मोठं झाल्यावर समजलं की त्यात पडद्यावर बँडसकट जो ट्रम्पेटवाला दिसतो तो चिक चॉकलेट, म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ, ज्याला लोक अमेरिकेतल्या प्रसिद्ध ट्रम्पेटवाल्यावरून भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. मुंबईत रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा फिल्मच्या रेकॉर्डिंगला, असं ह्या गोवेकर वादकांचं आयुष्य होतं, आणि श्रेयनामावलीत त्यांची नावं क्वचितच यायची. आर्मस्ट्राँगचे तासन्‌तास व्हिडिओ मिळतात, चिकचे मला सिनेमातले तुकडेच सापडलेत. कुणाच्या घरी, ओळखीत, जुन्या लग्नाच्या किंवा क्लबच्या फिल्ममध्ये ही मंडळी वाजवताना असतील तर प्लीज अपलोड करा आणि इथे कळवा.