कमरेला पिस्तूल आणि समोर पोलीस
टेक्सासात कमरेला पिस्तूल लावलेल्याकडे कुणी वळूनही बघत नाही, असं म्हणतात. अर्धंच खरं आहे ते. परवानाधारकांना ते उघड लावायची मुभा जानेवारी २०१६ पासून. सप्टेंबर २०२१ नंतर तर बहुतेकांना परवान्याचीही गरज उरली नाही. तरी इतक्या वर्षांत भाजी घेताना असा माणूस मी दोनदाच पाहिला. दुसरा निवांत कोथिंबिरीच्या जुड्या निवडत होता. बायकोने काही न बोलता ट्रॉली पलीकडच्या रांगेत वळवली. बऱ्याच दुकानांच्या दारावर टेक्सासच्या कायद्यातल्या कलम ३०.०७ ची पाटीच असते, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, इंचभर अक्षरांत: पिस्तूल उघड लावून आत यायचं नाही.

पोलिसांचं म्हणाल तर समोर कोण आहे त्यावर बरंच ठरतं. मिनेसोटात २०१६ साली फिलँडो कॅस्टील या काळ्या तरुणाची गाडी अडवली. परवाना होता, पिस्तूल उघड्यावरही नव्हतं. जवळ आहे, हे त्याने आपणहून शांतपणे सांगितलं. काही सेकंदांत सात गोळ्या. अधिकारी पुढच्या वर्षी निर्दोष सुटला.

माझा एक काळा सहकारी आहे, नेमबाजीत पटाईत. त्याचं पिस्तूल घरच्या तिजोरीतून फक्त रेंजवर जायला निघतं, तेही डिकीत, कुलूपबंद.