कोणी खोकललं की माय ऑक्सिमीटर काढते, काय करू?

पऱ्हाटीवाला, यवतमाळ:
माझा मोठा भाऊ एप्रिल २०२१ मधे कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. दवाखान्यात नेला तो घरी आलाच नाही, प्लास्टिकमधे गुंडाळलेला दुरून दाखवला अन् तिकडूनच नेला, मायनं तोंडही पाहिलं नाही. आता इतकी वर्षं झाली तरी घरात कोणी खोकललं की ती ऑक्सिमीटर काढते अन् माझ्या पोराचं बोट धरून बसते, त्याचे सेल कधीचेच संपले तरी. रात्री दोन-तीनला उठून ओसरीत बसून राहते. मी मोबाईलवर दोन अॅप टाकून पाहिले पण त्यात सगळं वाचायचंच काम, तिला वाचता येत नाही. तिला जमेल असं काही आहे का?

मास्तर, अचलपूर:
दादा, वाचून गलबलून आलं. फेब्रुवारी २०२१ मधे आमच्याकडं परत लॉकडाऊन लागलं तेव्हा माझीच छाती धडधडायची. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मधे ताण सांभाळायची एक चित्रांची पुस्तिका काढली होती, त्यातलं एक मला खरंच कामी आलं. पाय जमिनीवर दाबायचे, श्वास हळूहळू सोडायचा, मग आत्ता काय दिसते, काय ऐकू येते, हाताला काय लागते ते पाहायचं. भीती हाकलायची नाही, ती राहू द्यायची. याला वाचता यायची काही गरज नाही, तुम्ही तिच्याजवळ बसा अन् विचारा, गाईच्या गळ्यातली घंटी ऐकू येते का, ओटा थंड लागते का.

आशाताई:
भाऊ, टेलि-मानस म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारची फोनवरची मदत, तिचा नंबर १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, रात्रीही लागतो अन् मराठीत बोलतात. भाषेचं बटन तुम्ही दाबून द्या, फोन स्पीकरवर ठेवा. गावात लोक म्हणतात येड लागलं काय, म्हणून आईला फक्त एवढंच सांगा की झोपेसाठी विचारून राहिलो. ऑक्सिमीटर हिसकू नका, पण दहादा मोजायलाही साथ देऊ नका. जीव नको झाला असं बोलल्या तर एकटं सोडायचंच नाही, लगेच फोन लावा. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आजाराचे डॉक्टर असतात.

वर्धेकर:
माझे बाबा गेले तेव्हा तेरवीले घरचेच पाच जण होतो. पुढच्या वर्षी त्याच तिथीले सगळ्या नातेवाईकांना बोलावलं, ज्याला जे आठवलं ते त्यानं सांगितलं. आत्या तेव्हा पहिल्यांदा रडली. तुमच्या मायचं रडणं राहूनच गेलं असंन दादा.

पऱ्हाटीवाला, यवतमाळ:
सगळ्यांचे आभार. काल रात्री माय उठली तं मी जवळ जाऊन बसलो, विचारलं काय ऐकू येते. म्हणे, पंखा. मग लय वेळानं म्हणाली, तुह्या भावाले शेवटी पाणी कोणी पाजलं असंन रे? इतक्या वर्षात हे कधीच बोलली नव्हती. आज संध्याकाळी वावरातून आल्यावर तिच्यासोबत १४४१६ लावतो.