मदत हवी आहे: एक्स ११ मध्ये डॅमेज इव्हेंट घेऊनही शेवटचा बदल हरवतोय

नमस्कार मंडळी,

एका मशीनचा स्क्रीन दुसऱ्या मशीनवर दाखवणारा एक प्रोग्रॅम सी मध्ये लिहितोय. लिनक्स, एक्स ११ (स्क्रीनवर विंडो दाखवणारी प्रणाली; रंगवतो तिचा सर्व्हर, बाकीचे प्रोग्रॅम त्याचे क्लायंट), साधं एक्सलिब (तिची सी लायब्ररी). दर वेळी अख्खा स्क्रीन उचलणं परवडत नाही. १९२०×१०८० चं एक चित्र, पिक्सेलमागे ४ बाइट धरले तर ८२,९४,४०० बाइट होतात. म्हणून रूट विंडोवर (म्हणजे अख्ख्या स्क्रीनवर) डॅमेज ऑब्जेक्ट तयार केला, म्हणजे कुठली जागा रंगवली गेली याची सर्व्हर नोंद ठेवतो. इव्हेंट कधी यावा हे ठरवणारी रिपोर्ट लेव्हल डेल्टा रेक्टँगल्स (नोंदीत नवी जागा आली तरच इव्हेंट). इव्हेंट आला की त्यात दिलेला आयत शेअर्ड मेमरीतून गेटइमेजने (स्क्रीनवरचे पिक्सेल मागणारी विनंती) वाचतो, पाठवतो आणि मग तेवढाच आयत डॅमेजमधून सबट्रॅक्ट (वजा) करतो.

एरवी झकास चालतं. पण टर्मिनलमध्ये भराभर "नमस्कार" टाइप करून हात थांबवला की पलीकडे कधीकधी "नमस्का" वरच गाडी अडते. पुढची कुठलीही की दाबली की राहिलेला "र" आणि नवं अक्षर दोन्ही एकदम उगवतात. सावकाश टाइप केलं तर काहीच बिघडत नाही, त्यामुळे पकडायला आणखी त्रास.

करून पाहिलेल्या गोष्टी: चित्र वाचायच्या आधी एक्ससिंक (पाठवलेल्या विनंत्या पूर्ण होईपर्यंत थांबणं), काही फरक नाही. लेव्हल रॉ रेक्टँगल्स (प्रत्येक रंगकामाला इव्हेंट) केली तर अक्षर येतं, पण व्हिडिओ लावला की इव्हेंटांचा असा पूर येतो की प्रोग्रॅम मागेच पडत जातो. बाउंडिंग बॉक्सही लावून पाहिला. वर उजव्या कोपऱ्यात घड्याळ (साधारण ८०×२० पिक्सेल) आणि खाली डावीकडे टर्मिनलचा लुकलुकणारा कर्सर (२×१८), दोन्ही मिळून ७,००० बाइटही भरत नाहीत. पण दोघांना कवेत घेणारा आयत म्हणजे जवळजवळ अख्खा स्क्रीन! मग एवढी उठाठेव कशासाठी?

इव्हेंट हरवतोय, की मी वाचतोय ते चित्रच जुनं आहे? आणि अशा कामाला लेव्हल कुठली घ्यावी?

प्रतिसाद १
रेस कंडिशन (दोन कामांचा क्रम चुकून होणारी गडबड) दिसतेय. गेटइमेज आणि सबट्रॅक्ट यांच्याभोवती ग्रॅबसर्व्हर लावा. मध्ये दुसरा कुठलाच क्लायंट काही रंगवू शकणार नाही. प्रश्न मिटला.

प्रतिसाद २
रेस आहे हे खरं, पण ग्रॅबसर्व्हर नको. सर्व्हर ग्रॅब केला की तेवढा वेळ बाकी सगळे क्लायंट ताटकळतात, आणि सेकंदाला तीसदा असं केलं तर सगळा डेस्कटॉप अडखळायला लागेल. नुसता क्रम उलटा करून भागतं: आधी सबट्रॅक्ट, मग गेटइमेज.

सध्या काय होतंय ते बघा. टर्मिनलने ओळ रंगवली, इव्हेंट आला, तुम्ही "नमस्का" असलेलं चित्र वाचलं. तेवढ्यात टर्मिनलने "र" सकट तीच ओळ पुन्हा रंगवली. ती जागा आधीच डॅमेजमध्ये आहे आणि डेल्टा लेव्हलला रीजन (नोंदलेली जागा) वाढला तरच इव्हेंट येतो, म्हणून सर्व्हर गप्प. त्यानंतर तुमचा सबट्रॅक्ट पोचला आणि "र" ची नोंदही पुसली गेली. इव्हेंट हरवला नाही, तो निघालाच नाही. रॉ लेव्हलला प्रत्येक रंगकामाचा वेगळा इव्हेंट येतो, म्हणून तिथे अक्षर दिसलं.

क्रम उलटा केला तर सबट्रॅक्टनंतर कोणी काही रंगवलं की त्या जागेची नव्याने नोंद होणारच. तो बदल तुमच्या चित्रात आला असेल तर तीच जागा फार तर दोनदा पाठवाल, नसेल आला तर पुढच्या फेरीत येईल.

धागाकर्ता
पटतंय, पण एक शंका. मी सगळा डॅमेज कुठे साफ करतोय? रिपेअर रीजन (वजा करायची जागा) म्हणून फक्त वाचलेला आयत देतो. तरीही नोंद जाते?

प्रतिसाद २
जाते. डॅमेज म्हणजे जागेची नोंद, किती वेळा रंगवलं याची मोजणी नाही. एकाच आयतावर दहा वेळा रंगवलं तरी रीजन तेवढाच राहतो आणि एका सबट्रॅक्टने तो संपतो. तुम्ही वजा केलेला आयत आणि मधल्या वेळात बदललेला आयत, दोन्ही एकच.

लेव्हलचं म्हणाल तर नॉनएम्प्टी घ्या. रिकाम्या रीजनमध्ये काहीतरी पडलं की एकच इव्हेंट, नंतर तुम्ही सबट्रॅक्ट करेपर्यंत शांतता. इव्हेंटमधल्या आयताकडे बघूच नका. सबट्रॅक्टला रिपेअर म्हणून नन (None, म्हणजे काहीच नाही) द्या आणि पार्ट्स (वजा झालेली जागा जिथे मिळते तो रीजन) म्हणून एक्सफिक्सेसचा (एक्स ११ चं एक एक्स्टेंशन) एक रिकामा रीजन द्या. साचलेला सगळा डॅमेज त्या रीजनमध्ये येतो, मग फेचरीजनने आयतांची यादी घ्या. घड्याळ आणि कर्सर त्यात वेगवेगळेच राहतील.

एक सूचना: ही यादी आडव्या पट्ट्यांमध्ये कापलेली येते. गोल किंवा तिरक्या आकाराचे पार भुगे होतात, एकेक पिक्सेल उंचीचे आयतही दिसतील. प्रत्येकासाठी वेगळं गेटइमेज केलंत तर सर्व्हरकडे हेलपाटे घालण्यातच वेळ जाईल. जवळजवळचे आयत जोडून घ्या.

प्रतिसाद ३
थोडं अवांतर. वेलँडमध्ये (एक्स ११ ऐवजी वापरली जाणारी नवी प्रणाली) हे दुखणं या रूपात नाही. तिथे काय बदललं ते क्लायंट स्वतःच डॅमेज बफर रिक्वेस्टने सांगतो आणि कमिट होईपर्यंत काहीच लागू होत नाही, त्यामुळे अर्धवट रंगवलेली ओळ कंपोझिटरच्या (सगळ्या विंडो एकत्र करून स्क्रीनवर दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) हाती पडत नाही. त्याबदल्यात बफर एज सांभाळायची डोकेदुखी असते: दोन फ्रेमपूर्वीचा बफर परत हातात आला तर मागच्या फ्रेमचा डॅमेजही पुन्हा रंगवावा लागतो, नाहीतर जुने तुकडे लुकलुकत राहतात.

धागाकर्ता
क्रम बदलला, नॉनएम्प्टी लावलं. कितीही भराभर टाइप केलं तरी "नमस्कार" पूर्ण येतंय. प्रतिसाद २, मनापासून आभार!

दोन गोष्टी उरल्यात. माउसचा पॉइंटर हलला की डॅमेज येत नाही. आणि एक पॅनल दर सेकंदाला इव्हेंट पाठवतं, चित्रात मात्र तसूभर फरक नसतो.

प्रतिसाद २
पॉइंटर गेटइमेजच्या चित्रात येतच नाही, तो वेगळा हाताळावा लागतो. त्याचा आकार बदलला की एक्सफिक्सेसचा कर्सर नोटिफाय इव्हेंट येतो, तेव्हा गेटकर्सरइमेजने चित्र घ्या. जागा क्वेरीपॉइंटरने विचारून वेगळी पाठवा आणि पलीकडे वरून रंगवा.

पॅनल तेच रंग पुन्हा फासत असणार. "इथे रंगवलं" एवढंच डॅमेज सांगतं, पिक्सेल खरंच बदलले का हे सर्व्हर तपासत नाही. ६४×६४ च्या चौकटी करून प्रत्येकीचा हॅश (पिक्सेलांवरून काढलेला छोटा आकडा) ठेवा, जुळला तर पाठवू नका. यादीतल्या आयतांना शिवणाऱ्या चौकटीच तपासायच्या, त्यामुळे खर्च नगण्य.

आणि व्हिडिओसाठी वेगळं काही लिहू नका. इव्हेंट आला तरी सबट्रॅक्ट लगेच न करता ३३ मिलिसेकंदांतून एकदाच करा. मधलं सगळं सर्व्हर स्वतःच साठवत राहतो.